तुम्ही फोटो का काढता, हे तोंडी सांगायला जाऊ नका

वाचकाचं पत्र (जागेअभावी थोडं आटोपशीर करून)

ताई, नमस्कार. माझं वय 43. एका कंपनीत हिशेब तपासण्याचं काम करते. मुलगी लहान होती तेव्हा तिचे चांगले फोटो काढता यावेत म्हणून कॅमेरा घेतला आणि हजारोंनी काढले. आता ती 16 वर्षांची आहे. कॅमेरा दिसला की तोंड फिरवते. मधल्या काळात मला एकटीनं बाहेर पडून फोटो काढायची सवय लागली. जिने, भिंती, खिडक्या, कुणी नसलेल्या खोल्या असलं काहीबाही. मागच्या वर्षी एका फोटोग्राफी क्लबात जायला लागले. तिथे सगळ्यांचं ठरलेलं आहे. कुणाला पक्षी, कुणाला स्पर्धा, कुणाला समाजाचं दुःख जगापुढे मांडायचंय. ओळख करून देताना ‘तुम्ही फोटो का काढता?’ असं विचारलं आणि मला एक वाक्य बोलता येईना. त्यानंतर मी गेलेच नाही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, पण लाइक कमी आले की मला स्वतःलाच तो फोटो आवडेनासा होतो. नवरा म्हणतो, एवढा वेळ घालवतेस तर समारंभांची कामं घे, चार पैसे तरी सुटतील. गेले चार महिने कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. विकून टाकू का? मी खरी फोटोग्राफर असते तर ‘का’ हा प्रश्न मला पडला असता का? माझं नाव छापू नये.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं पाणी त्यानंच गढूळ केलंय. खऱ्या फोटोग्राफरला ‘का’ हे पक्कं ठाऊक असतं, ही समजूत तुमच्या डोक्यात कुणी घातली कोण जाणे. बहुधा मुलाखतींनी. नावाजलेल्या माणसाला सत्तराव्या वर्षी कुणी विचारतं, तुम्ही याकडे कसे वळलात, आणि तो मागे वळून एक सरळ रेघ ओढून दाखवतो. चालत असताना ती रेघ त्यालाही दिसत नव्हती.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज छायाचित्रकार ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉनचं उदाहरण घ्या. 1863 च्या डिसेंबरात तिच्या मुलीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला. आईचा एकटेपणात जरा वेळ जावा, एवढाच हेतू. बाई तेव्हा 48 वर्षांच्या होत्या, म्हणजे तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. वेळ घालवायला आलेल्या त्या वस्तूनं त्यांना असं काही धरलं, की कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. कवी टेनिसन, खगोलशास्त्रज्ञ हर्शेल, निसर्गशास्त्रज्ञ डार्विन हे त्यांच्या कॅमेऱ्यापुढे बसले. त्यांचे फोटो धूसर असतात म्हणून त्या काळातल्या जाणकारांनी त्यांना नावं ठेवली, पण त्यांनी काही आपली पद्धत सोडली नाही. पुढे त्यांनी प्रिंट विकायचाही प्रयत्न केला. करमणूक, ध्यास, कीर्ती, पैसा हे सगळं एकाच बाईच्या साधारण बारा वर्षांच्या कामात येऊन गेलं. यातलं खरं कारण कोणतं म्हणायचं?

किंवा यूजेन आत्जे. आधी जहाजावर नोकरी, मग नाटकात नट, तिथे जमेना म्हणून चित्रकला, आणि शेवटी कॅमेरा. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या, दुकानांच्या काचा, जिन्यांचे कठडे टिपायचे आणि चित्रकारांना संदर्भासाठी विकायचे, हा त्यांचा व्यवसाय. दारावरच्या पाटीवरही तेवढंच लिहिलेलं होतं. 1926 मध्ये मॅन रे या कलावंतानं त्यांचा फोटो एका नियतकालिकात छापायला घेतला, तेव्हा आपलं नाव घालू नका, ही नुसती कागदपत्रं आहेत, असं त्यांनी सांगितलं. आज जगातली मोठमोठी संग्रहालयं ती कागदपत्रं जपून ठेवतात. तुमच्या क्लबात आत्जे आले असते आणि त्यांना ‘का’ विचारलं असतं, तर ‘गिऱ्हाइकाला लागतात म्हणून’ असं म्हणून खाली बसले असते. तुम्हीही तसंच काहीतरी म्हणून बसू शकला असता. पण तुम्हाला तिथे उदात्त कारण हवं होतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अशा पत्रांच्या उत्तरात व्हिव्हियन मायरचं नाव हटकून निघतं. शिकागोत मुलं सांभाळायची नोकरी करणारी बाई. 2007 मध्ये तिनं भाड्याच्या जागेत ठेवलेल्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यातून तिचं काम बाहेर आलं. लाखाच्या वर निगेटिव्ह, कित्येक रोल तर डेव्हलपसुद्धा न केलेले. 2009 मध्ये ती गेली. ही कहाणी सांगून लोक म्हणतात, बघा, कुणालाही न दाखवता काढलेले फोटो हीच खरी साधना. मला हे पटत नाही. तिनं ते का दाखवले नाहीत हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा तिच्या गप्प राहण्यातून कुणी आपल्याला उपदेश तयार करून दिला, तर तो घेऊ नका. तुम्हाला फोटो दाखवावेसे वाटतात यात कमीपणा काही नाही. कमी लाइक आले की तुमची नजरच बदलते, हा मात्र गुंता आहे. त्याकडे येतेच.

आधी मुलीचं. पत्रात तुम्ही ते दोन वाक्यांत उरकलंत, पण मला वाटतं सगळ्यात खोल तेच गेलंय.

घरात कॅमेरा येतो तो बहुतेक वेळा मुलासाठी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात सामान्य लोकांच्या फोटो काढण्यावर अभ्यास केला. तो 1965 मध्ये पुस्तकरूपानं आला. मुलं असलेल्या घरांत कॅमेरा असण्याचं प्रमाण जास्त, हे त्यांना आढळलं. कुटुंब एकत्र आहे याची खूण तयार करणं आणि ती जपणं, हे कॅमेऱ्याचं घरातलं काम आहे असं त्यांचं म्हणणं होतं. आता कॅमेरे प्रत्येकाच्या खिशात आहेत, पण हे म्हणणं मला अजून खरं वाटतं. मूल मोठं होतं, तोंड फिरवायला लागतं, आणि बहुतेक घरांतला कॅमेरा तिथेच निवृत्त होतो.

तुमचा झाला नाही. ज्या कामासाठी आणला ते काम संपलं तरी तुम्ही तो घेऊन जिन्यांकडे आणि भिंतींकडे गेलात. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पाठ थोपटणारही नव्हतं, कारण रिकाम्या खोलीच्या फोटोला ‘किती गोड!’ म्हणणारं कुणी नसतं. आणि ‘असलं काहीबाही’ म्हणून तुम्ही त्याला पत्रातच खाली ढकललंत. हिशेब तपासणाऱ्या बाईनं एवढी मोठी नोंद शेऱ्याशिवाय सोडून द्यावी याचं मला नवल वाटलं.

मुलीच्या तोंड फिरवण्याचं दुःख वेगळं आहे आणि ते फोटोग्राफीच्या खात्यावर टाकू नका. सोळाव्या वर्षी आपलं दिसणं आपल्या ताब्यात असावं असं वाटतं, ते रास्तच आहे. तिचे फोटो काढायचे तर विचारून काढा, आणि ती नको म्हणाली तर तिथेच थांबा. लहानपणीचे कुठे टाकायचे असतील तर तेही तिला विचारूनच. आणखी एक सुचवते. तिच्या लहानपणच्या त्या हजारो फोटोंत तुम्ही स्वतः किती ठिकाणी आहात ते बघा. कॅमेरा धरणारं माणूस घरच्या अल्बममध्ये जवळजवळ नसतंच. मुलीला म्हणावं, आता माझे काढ. तिला शिकायची इच्छा असो नसो, अल्बममधली ती जागा भरायला हवी.

आता भिंती आणि जिने. तुम्ही ते का काढता हे मला माहीत नाही आणि मी अंदाजही बांधणार नाही. पण फोटो काढताना माणसाचं काय होतं याबद्दल थोडी माहिती उपलब्ध आहे, ती तुमच्या उपयोगाची आहे.

2014 मध्ये लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग बराच गाजला. लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले की कॅमेऱ्यानं स्मरणशक्ती मंदावते. त्याच प्रयोगातला दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला लावलं, त्यांची आठवण तशी घसरली नाही, आणि फ्रेमबाहेर राहिलेला भागही त्यांना आठवत होता. पुढे 2017 मध्ये अ‍ॅलिक्झांड्रा बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःच्या मर्जीनं फोटो काढू दिले. तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना जास्त चांगलं आठवलं आणि कानांनी ऐकलेलं कमी. म्हणजे कशाचा फोटो काढायचा हे ठरवण्याचं काम तुमच्याकडे असेल, तर कॅमेरा नजर तीक्ष्ण करतो. काय काढायचं ते दुसऱ्यानं सांगितलेलं असेल तर तो नजरेचं काम आपल्याकडे घेतो आणि नजर सुट्टीवर जाते.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा लावता येईल. दिवसभर तुम्ही दुसऱ्यांनी मांडलेले आकडे बघता. काय बघायचं ते आधीच ठरलेलं, आणि बघायचं ते चूक शोधायला. संध्याकाळी जिन्यावर पडलेल्या उजेडाकडे बघताना यातलं काहीच लागू नसतं. कुठे थांबायचं, किती जवळ जायचं, काय बाहेर ठेवायचं, सगळं तुमच्या हातात. त्या वीस मिनिटांसाठी एखादी बाई कॅमेरा घेऊन बाहेर पडत असेल, तर ते कारण मला पक्षीवाल्यांच्या कारणापेक्षा रतिभरही हलकं वाटत नाही. त्यातून एकही बरा फोटो निघाला नाही तरी चालेल. काहींना फोटो हवे असतात, तर काहींना फोटो काढणं हवं असतं. तुम्ही दुसऱ्या जातीच्या आहात असा मला संशय आहे, पण तपासायचं तुम्ही.

(क्लबातल्या मंडळींना मी नावं ठेवत नाहीये. दुर्मीळ पक्ष्यामागे चार तास बसणारा माणूस खरं तर शिकारी आणि संग्राहक असतो. स्पर्धावाल्याला पदकं आणि नावापुढची अक्षरं हवी असतात. काहींना लेन्सच आवडते, तिचं वजन, तिची काच, आणि फोटो हे तिला बाहेर न्यायचं निमित्त. सगळं चालतं. फक्त समाजाचं दुःख जगापुढे मांडणाऱ्यांना मी एक प्रश्न नेहमी विचारते: ज्याचं दुःख मांडलंत त्याला तो फोटो दाखवलात का?)

लाइकचं बोलू. 1973 मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या अशा मुलांवर प्रयोग केला, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालंही. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं आपणहून स्केचपेनकडे कमी वळली. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं, किंवा ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची गोडी तशीच राहिली. बक्षिसानं नुकसान केलं नव्हतं, बक्षिसाच्या अपेक्षेनं केलं होतं.

फोटोंच्या बाबतीतही जवळपास तेच दिसलंय. बराश आणि मंडळींनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढणाऱ्यांना प्रसंगाचा आनंद जास्त मिळाला आणि समाजमाध्यमांवर टाकायचे म्हणून काढणाऱ्यांना कमी. लोक काय म्हणतील हे डोक्यात आधीच येऊन बसतं म्हणून. लक्षात घ्या, फरक फोटो टाकल्यावर पडत नाही, काढतानाच पडलेला असतो. तुम्ही म्हणता लाइक कमी आले की फोटो नावडता होतो. मला वाटतं बिघाड त्याच्या बराच आधी, जिन्यासमोर उभ्या असतानाच सुरू होत असावा. ‘हा चालेल का?’ असा विचार येतो आणि उजेड तसाच राहून जातो.

यावर माझा सल्ला इन्स्टाग्राम सोडा असा नाही. मध्ये अंतर ठेवा. गॅरी विनोग्रँड हे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचे फोटो काढणारे मोठे छायाचित्रकार. रोल संपला की ते मुद्दाम वर्षभर, कधी त्याहून जास्त, डेव्हलप करायचे नाहीत. फोटो काढतानाचा मूड विसरला गेला पाहिजे, नाहीतर चांगल्या दिवशी काढलेला वाईट फोटोही चांगला वाटतो, असा त्यामागचा विचार. (1984 मध्ये ते गेले तेव्हा अडीच हजारांवर रोल डेव्हलप न करता पडून होते, तेव्हा हे पथ्य किती ताणायचं ते तुम्ही ठरवा.) तुम्ही वर्षभर थांबू नका. काढलेला फोटो तीन महिने कुठेही टाकायचा नाही एवढा नियम करा. तीन महिन्यांनी तो तुम्हाला आवडत असेल तर खुशाल टाका. तोवर त्याच्याबद्दल तुमचं मत तयार झालेलं असेल, आणि चाळीस लाइकनं ते हलायचं नाही.

आणि दोन माणसं शोधा. फोटो समोर धरल्यावर ‘मस्त’ न म्हणता, ‘हा डावीकडचा दरवाजा कशाला घेतलास?’ असं विचारणारी. क्लबात अशी माणसं असतात, बहुतेक मागच्या रांगेत. तिथे परत जायला हरकत नाही. ओळखीचा प्रश्न पुन्हा आला तर ‘मुलीसाठी सुरू केलं, आता जिने काढते’ म्हणा. पूर्ण उत्तर आहे ते.

तुमच्या यजमानांचा प्रस्ताव मी मोडीत काढणार नाही. पैसे मिळवण्यानं छंद बाटतो वगैरे मला वाटत नाही. वर सांगितलेले आत्जे कॅमेरा हाती घेतल्यापासून फोटो विकतच जगले. पण समारंभाचे फोटो काढणं हे वेगळं काम आहे. वाचनाची आवड आहे तर प्रूफरीडर हो म्हणण्यासारखं. अनोळखी शंभर माणसांना हसतखेळत एका रांगेत उभं करावं लागतं, हार पडायच्या क्षणी तुमच्यापुढे कुणाचा तरी मोबाइल येतो, एकच क्षण असतो आणि तो हुकला तर परत मिळत नाही. एका दिवसाच्या कामानंतर कित्येक दिवस निवड, रंग, अल्बम, ‘माझी मावशी एकाही फोटोत नाही’ असे फोन. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा लागतो, जोडीला दुसरा कॅमेरा लागतो. ज्यांना माणसांत रमायला आवडतं त्यांना हे काम फार छान जमतं. कुणी नसलेल्या खोल्या ज्यांना खुणावतात त्यांना जमेल का, मला शंका आहे. तरी खात्री करून घ्यायची असेल, तर ओळखीच्या एखाद्या व्यावसायिकाबरोबर एक-दोन समारंभांना सहायक म्हणून जा. घरी आल्यावर दमलात की विटलात ते बघा. दमला असाल तर विचार करा. विटला असाल तर यजमानांना सांगायला तुमच्याकडे अनुभव असेल. आत्ता नुसती नाराजी आहे.

आणि काम म्हणून करायचं ठरवलंत तर ते कामासारखं थांबवताही येतं, हेही लक्षात असू द्या. होमाय व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी काम केलं, स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी क्षण त्यांच्या कॅमेऱ्यानं टिपले, आणि 1970 मध्ये त्यांनी ते बंद केलं. नव्या छायाचित्रकारांचं वागणं त्यांना पटेनासं झालं होतं. पुढे त्या 2012 पर्यंत जगल्या, 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण व्यवसायाकडे त्या परतल्या नाहीत. चार दशकं कॅमेऱ्याशिवाय राहिल्या म्हणून त्यांना कुणी खोटी फोटोग्राफर म्हटलं नाही. तुम्ही चार महिन्यांवरून स्वतःला म्हणताय.

आता करायचं काय, ते सांगते. ‘का’ हा प्रश्न स्वतःला विचारत बसू नका. त्याला तोंडी दिलेली उत्तरं बहुतेक ऐकीव असतात: सौंदर्य, आठवणी, क्षण गोठवणं. तुमचं उत्तर तुम्ही काढलेल्या फोटोंत आहे आणि ते पुराव्यानिशी काढता येतं.

मुलीचे वेगळे ठेवा. उरलेल्यांतून लाइक न बघता, चांगला-वाईट असा विचार न करता, हात थांबेल तो निवडत साठेक फोटो बाजूला काढा आणि त्यांचे छोटे, अगदी साधे प्रिंट करून घ्या. पडद्यावर हे काम होत नाही, कारण तिथे सगळे एकदम पुरेसे मोठे दिसत नाहीत. जमिनीवर सगळे मांडा, आणि चार-पाच दिवस तसेच राहू द्या. मग जमवाजमव करा. विषयानुसार लावू नका, कारण जिने एका बाजूला आणि खिडक्या दुसऱ्या बाजूला हे तुम्हाला आधीच माहीत आहे. उजेड कुठून येतोय त्यावरून लावून बघा. तुम्ही किती लांब उभ्या आहात त्यावरून लावा. दार उघडं की बंद, माणूस नुकतं गेलंय की यायचंय, त्यावरून लावा. कुठेतरी तुम्हाला न विचारता एकाच जातीचे दहा-बारा फोटो एकत्र येतील. तिथे थांबा.

संगणकाचीही मदत घ्या. प्रत्येक डिजिटल फोटोबरोबर तारीख, वेळ, लेन्स, फोकल लेन्थ (लेन्स दृश्य किती जवळ ओढते, तो आकडा) नोंदलेली असते आणि लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून फोटो चाळून काढता येतात. तुमच्या पेशाला साजेसं काम आहे हे, मजा येईल. बहुतेक फोटो कोणत्या तासाला काढलेत? आठवड्याच्या कोणत्या दिवशी? झूम लेन्स असूनही एकाच फोकल लेन्थवर पुन्हा पुन्हा येता का? नोकरीतल्या धावपळीच्या महिन्यांत फोटो वाढतात की आटतात? मार्चअखेरीस रिकाम्या खोल्यांची संख्या दुप्पट झालेली दिसली, तर ‘का’चं निम्मं उत्तर मिळालं.

हे झाल्यावर एकच विषय घ्या आणि त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जा. योसेफ सुडेक हे प्रागचे छायाचित्रकार. मुळात बुकबाइंडर, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले. 1940 मध्ये, शहर नाझींच्या ताब्यात असताना आणि बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालेलं असताना, त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली. काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, चौकटीवर ठेवलेला एखादा पेला. युद्ध 1945 मध्ये संपलं. बाहेर जायला आता अडचण नव्हती. सुडेक 1954 पर्यंत त्याच खिडकीशी होते. ज्या कारणानं सुरुवात झाली ते कारण मागे पडलं होतं, खिडकी मात्र संपली नव्हती. तुमच्याही घराजवळ, ऑफिसच्या वाटेवर असा एखादा जिना असेलच, ज्याचे तुम्ही पुन्हा पुन्हा फोटो काढलेत. तिथेच जा. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उजेडात. कंटाळा आला तर तोही कळेल, आणि काही शिल्लक असेल तर तेही.

राहिला विकण्याचा प्रश्न. आत्ता विकू नका. चार महिने बंद कपाटात असेल तर आधी बाहेर काढून लेन्स उजेडासमोर धरून आत बघा. दमट, अंधाऱ्या जागी काचेवर बुरशी धरते, जाळ्यासारखे धागे दिसतात. दिसले तर लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, स्वतः उघडू नका. बॅटरी काढून वेगळी ठेवा. मग वर सांगितलेलं प्रिंटचं काम करा आणि त्यानंतरचे तीन महिने कुणालाही न दाखवता फोटो काढा. एवढं करूनही कॅमेरा उचलावासा वाटला नाही, तर अपराधी न वाटून घेता विकून टाका. जिने बघायला परवाना लागत नाही आणि खिशातल्या फोनवरही खिडक्या उत्तम येतात. फक्त अंधाऱ्या जिन्यात फोन जरा कमी पडेल, तेवढं धरून चाला.